घारकड्याचा ब्लॉक

गोरखच्या नातीचं, प्रतीक्षाचं, लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट, म्हणजे दोन हजार बावीसची. करोनाची बंदी उठल्यावर घारवाडीत झालेलं ते पहिलं मोठं लग्न. वलवणहून वऱ्हाड दोन टेम्पो भरून आलं होतं. विहारापुढं मांडव, मांडवात पांढऱ्या कपड्यातली माणसं, मागच्या बाजूला चुलवणावर भाताचं पातेलं. बौद्धाचार्यांनी माईक हातात घेऊन "सर्वांनी शांत बसून घ्यावं" असं म्हटलं आणि तेवढ्यात माळावर गुरं राखणाऱ्या चंपाची आरोळी आली.

"कडाऽऽ! कड्यावरनं माणूस गेला वोऽऽ!"

घारवाडी घारकड्याच्या अगदी पायथ्याला आहे. कडा आठशे फूट, सरळसोट. वर पर्यटक फोटो काढतात, खाली गाव भात लावतं. वरून कुणी घसरलं तर पोलीस आणि ॲम्ब्युलन्स यायला दोन तास जातात. म्हणून गावाची जुनी रीत अशी, की "कडा" अशी हाक आली की हातातलं टाकायचं आणि पळायचं. कुणाचा कोण, कसा पडला, दारू प्यायला होता का, हे सगळं नंतर.

मांडव एका मिनिटात रिकामा झाला. नवरदेव नव्या बुटांत पळाला. बौद्धाचार्य माईक घेऊनच चार पावलं गेले, मग वायरीनं त्यांना मागं ओढलं. सगळ्यांच्या पुढं एकाहत्तर वर्षांचा गोरख, खांद्यावर झोळी. दोन बांबू आणि एक घोंगडी, एवढीच ती झोळी. तिच्यातून त्यानं आजवर चौदा माणसं कड्याखालून आणली होती. त्यातली चार जिवंत होती, ती केवळ गाव वेळेवर पोचलं म्हणून.

माळावर पोचले तर एक पोरगी हेल्मेट काढून लाल-पिवळं कापड गोळा करत बसलेली.

"कुटं पडला?" गोरखनं धापा टाकत विचारलं.

"कोण?"

"माणूस!"

"मीच ती. पण पडले नाही आबा, उडी मारली."

गोरखनं तिच्याकडं पाहिलं, मग कड्याकडं, मग खांद्यावरच्या झोळीकडं. "मग आता हिच्यात घालू कुणाला?"

"नवरदेवाला घाला," मागून नवऱ्याचा मामा म्हणाला. "बूट चावलेत त्याला."

पोरीचं नाव मुमताज. लोणावळ्याच्या याह्याभाई गादीवाल्यांची मुलगी. सहा वर्षं परदेशात पॅराशूट शिवायचं आणि बांधायचं काम करत होती, तिथंच उड्या मारायला शिकली. उंच कड्यावरून उडी मारायची आणि वाटेत पॅराशूट उघडायचं, याला बेस जंपिंग म्हणतात, असं तिनं सांगितलं. गोरखची बायको सरूबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

"गादीवाल्याची पोरगी तू," ती म्हणाली, "आन् खाली एक गादी न टाकता उडी मारतीस?"

कुणीतरी आधीच पोलिसांना फोन केला होता. ते आले आणि मुमताजला ठाण्यावर घेऊन गेले. तिथं तिला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, कारण आत्महत्येचा प्रयत्न लिहावा तर ही हसतेय, आणि दुसरं काय लिहावं ते कुणाला सुचेना. शेवटी विनापरवाना वनात शिरल्याचं लिहिलं आणि दंड घेऊन सोडलं. इकडं लग्न दोन तास उशिरा लागलं आणि भात खालून करपला. वलवणचे पाहुणे अजून त्या भाताचा विषय काढतात.

आठ दिवसांनी मुमताज टेम्पोत नवी कोरी डबल गादी घालून गोरखच्या दारात आली. नवरीसाठी, माफी म्हणून. चहा झाल्यावर मुद्द्यावर आली. वन खात्याच्या ऑफिसात ती उडीची परवानगी मागायला जाऊन आली होती. साहेब म्हणाले, आधी गावाचा ठराव आणा, मग बघू.

"गादी ठिऊन घेतो," गोरख म्हणाला. "ठराव मिळायचा न्हाई."

कारण विचारलं तर त्यानं सांगितलं नाही. तेव्हा ते त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. ते कळायला थंडी यावी लागली.

झालं काय, मुमताजच्या उडीचा व्हिडिओ फिरला. पावसाळा सरल्यावर दुसरेच लोक पहाटे चोरून यायला लागले. उडी मारायची, कापड गुंडाळायचं आणि गाडीत बसून पसार. पहिल्या वेळी चंपानं हाक दिली तेव्हा सगळं गाव पळालं. दुसऱ्या वेळी निम्मं गाव. डिसेंबरात तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा गोरख झोळी घेऊन रस्त्याला लागला, तर मागं चंपा आणि शाळेचा शिपाई, एवढीच माणसं. आपल्या चहाच्या टपरीवर प्रज्ञेश ग्लास हातात धरून बसला होता. हा तोच प्रज्ञेश, ज्यानं तीन वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या पोराला पाठीवर घालून ओढा ओलांडला होता.

"उडीवाले असतील आबा," तो म्हणाला. "कशाला दम घालवता? च्या घ्या."

उडीवालेच होते. पण गोरखच्या मनात आलं, उद्या खरंच कुणी पडला आणि गाव चहा पीत बसलं, तर?

त्याच दिवशी तो एसटीनं लोणावळ्याला गेला आणि थेट गादीच्या दुकानात शिरला. याह्याभाई सुई हातात धरून उठून उभे राहिले. मुमताज मशीनवर होती.

"तुमची हाडं मोडली तर तुमचं तुमी बघा," गोरख उभ्यानंच म्हणाला. "पण तुमी माझ्या गावाचं पळणं मोडाय लागलाय. ते मोडलं तर ते कुटल्या दवाखान्यात बसवायचं, सांग मला."

मुमताजनं मशीन थांबवलं. मग म्हणाली, "आबा, ते माझे लोक नाहीत. पण माझ्यामुळे आले, हे खरं. चोरी आहे म्हणून न सांगता येतात. परवानगी असती तर सांगून आले असते."

"सांगून आले म्हंजे काय? मी काय गावाला रोज सांगत बसू, आज पडणारा खोटा हाय, पळू नका म्हणून?"

"बसा तरी," याह्याभाई म्हणाले. "हितं गाद्यांना तोटा नाही."

गोरख बसला नाही. तणतणत एसटी स्टँडकडं निघाला आणि रेल्वेच्या फाटकापाशी थांबला. रुळांवर गँगची माणसं काम करत होती, लांब अंतरावर लाल झेंडा रोवलेला. गोरखनं चौतीस वर्षं घाटात हेच काम केलं होतं. ब्लॉक मिळाला की तेवढा वेळ रूळ आपला, गाडी येत नाही. ब्लॉक संपायच्या आधी हत्यारं बाहेर. संपल्यावर रूळ गाडीचा. मग समोर गाडी दिसो न दिसो, ऐकू येवो न येवो, ती आलीच असं धरून चालायचं. या एका सवयीवर तो धडधाकट रिटायर झाला होता.

फाटक उघडलं, रिक्षा गेल्या, फाटक परत पडलं. गोरख तिथंच उभा. मग वळला आणि दुकानात परत गेला.

"आता बसतो," तो म्हणाला.

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात भरली. सरपंच राजेंद्र यांनी विषय वाचला आणि एकदम गलका उठला. प्रज्ञेशला परवानगी हवीच होती. टपरी वाढेल, गाड्या लागतील, पोरांना काम मिळेल. रतनबाईचा कडाडून विरोध. वरून कापड फडफडत आलं की तिच्या म्हशी बिचकतात आणि दूध चोरतात.

"शिवाय उद्या आपल्या पोरी उड्या मारतील," कुणीतरी म्हणालं.

"मारू देत की," सरूबाई म्हणाली. "लगीन करून तरी दुसरं काय करतात?"

हसणं थांबल्यावर गोरख उठला.

"माझं ऐका. बाकी कायबी ठरवा, पण उडी ब्लॉकमधीच. शनिवारी सकाळी सात ते नऊ. हिरवा झेंडा वर असला म्हंजे पडंल तो उडीवाला. नऊ वाजले की शिट्टी, झेंडा खाली. मग ब्लॉकच्या भाईर त्या कड्यावरनं पोतं जरी पडलं तरी ते माणूस. गावानं पळायचं. आन् ब्लॉकच्या भाईर उडी मारणाऱ्याला गावानंच धरून पोलिसात द्यायचा, मग तो कुणाचा का असंना."

मुमताज मागं याह्याभाईंशेजारी बसली होती. ती उठली. "आबा, कबूल आहे. पण वारा काही घड्याळ बघून वाहत नाही. शनिवारी वारा सुटला आणि रविवारी पडला, तर?"

"तर तू शनिवारी बी घरी आन् रविवारी बी घरी."

"सव्वानऊला पडला तर?"

"न्हाई."

"पाच मिनिटं?"

"पोरी, पाच मिनटांनी माणसं कापली गेलेली मी बघितल्यात."

मुमताज हसत होती ती थांबली. "बरं," ती म्हणाली. "नऊ म्हणजे नऊ."

ठराव झाला. विरोधात एकटी रतनबाई. "माझं न्हाई, म्हशीचं मत इरोधात लिवा," असं तिनं ग्रामसेवकाला सांगितलं.

वन खात्याचा कागद यायला दहा महिने लागले. मुमताजनं इतक्या खेपा घातल्या की साहेबांच्या गाडीच्या सीटसुद्धा याह्याभाईंनी भरून दिल्या, रीतसर बिल करून. डिसेंबरात एक वर्षाची परवानगी मिळाली. पावसाळ्यात बंद, विमा पाहिजे, एका सकाळी आठच माणसं, आणि वेळ गावाच्या ठरावाप्रमाणे. माळावर गोरखसाठी खुर्ची आली, शिट्टी आली, दोन झेंडे आले. पहिल्या शनिवारी अख्खं गाव घोंगड्या पांघरून बघायला बसलं. मुमताज कड्यावरून निघाली, कापड फाडकन उघडलं, बाया ओरडल्या, पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या शनिवारी रतनबाईनं ताकाची बरणी आणून मांडली. म्हशींचं काय झालं, असं विचारलं तर म्हणाली, "सवय पडली त्यास्नी."

सगळं छान चाललं. पण गोरखच्या मनातली भीती गेली नव्हती. गाव आता कड्याकडं बघून टाळ्या वाजवत होतं. ज्या हातांनी टाळ्या वाजवल्या ते हात झोळी उचलतील का?

जानेवारीतल्या एका शनिवारी वारा उलटा होता. मुमताजनं दोनच उड्या होऊ दिल्या. नऊला गोरखनं शिट्टी मारली, हिरवा झेंडा उतरवला, लाल चढवला. पुण्याहून आलेली माणसं कड्यावर आपापली पॅराशूटं पिशवीत भरत होती. खाली टपरीवर दहाबारा जण चहा पीत होते.

आणि डाव्या अंगाला, जिथं कडा उतरत शंभरेक फुटांवर येतो, तिथून काहीतरी काळं सुटलं आणि झाडीत गेलं.

"उशिरा सुटला कुणीतरी," प्रज्ञेश म्हणाला.

"छत्री कुटं उघडली?"

"झाडाआड उघडली असंल."

कुणी हललं नाही. गोरखलाही क्षणभर वाटलं, असेल उडीवाला. कशाला बोंब मारून हसं करून घ्या. मग त्यानं विचारलं, "किती वाजले?"

"नऊ धा," प्रज्ञेश म्हणाला.

"ब्लॉक कवा संपला?"

"नऊला."

"मग ती उडी न्हाई. माणूस हाय." आणि छातीत होता तेवढा सगळा आवाज काढून तो ओरडला, "कडाऽऽ!"

एक श्वास सगळे तसेच. मग रतनबाई उठली. तिच्या धक्क्यानं ताकाची बरणी आडवी झाली, तिनं मागं पाहिलंसुद्धा नाही. तिच्या मागं प्रज्ञेश, त्याच्या मागं सगळी टपरी. वाडीतून चंपा, शिपाई, कासोटे खोचलेल्या बाया, दाढीचा अर्धा साबण तोंडावर असलेले सरपंच राजेंद्र. झोळी कुणी घेतली ते गोरखला कळलंच नाही. त्याचा गुडघा आता पळू देत नव्हता. तो पोचला तेव्हा त्याला उभं राहायला जागा नव्हती, एवढं गाव तिथं जमलेलं.

पडलेला आकाश नावाचा पोरगा. नवलाख उंबऱ्याला कारखान्यात कामाला, रात्रपाळी करून तसाच मित्रांबरोबर कडा बघायला आलेला. वरून चाळीस फूट खाली एका झुडपात अडकला होता. मांडीचं हाड मोडलेलं, रक्त वाहत होतं. वरून मुमताज दोरावर उतरली, तिनं पट्ट्यानं त्याची मांडी आवळली आणि त्याला हळूहळू खाली सोडलं. खालून वीस हातांनी त्याला झोळीत घेतलं.

डोळे उघडल्यावर तो पहिलं काय म्हणाला, तर "माझा मोबाईल?"

"मोबाईल मेला तुझा," रतनबाई म्हणाली. "तू जिता हायेस. गप पड."

तळेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, अर्धा तास उशीर झाला असता तर रक्त जाऊनच गेला असता.

दुपारी सगळे परत आल्यावर गोरख टपरीवर प्रज्ञेशच्या शेजारी बसला. "काय रं, उशिरा सुटला म्हणत हुतास ना? मग पळालास कशाला?"

प्रज्ञेशनं चहाचं आधण ठेवलं. "तुमी इचारलं म्हणून घड्याळ बघितलं आबा. नऊ धा म्हंजे ब्लॉक न्हाई. ब्लॉक न्हाई म्हंजे पळायचं. ठरलंय की आपलं."

गोरखनं चहा घेतला. पुढचे तीन दिवस तो ज्याला त्याला प्रज्ञेशचं हे बोलणं सांगत सुटला. सरूबाईला तर पाच वेळा.

वर्ष सरल्यावर वन खात्यानं परवानगी वाढवून दिली. त्याच्या आधीच, पावसाळा सरल्यावर, गोरखला दम लागायला लागला होता, तेव्हा शिट्टी आणि झेंडे चंपाकडं गेले. ती गोरखहून कडक निघाली. एकदा मुमताजलाच नऊला दोन मिनिटं कमी असताना तिनं वरून परत धाडलं.

गोरख सोमवारी, सतरा फेब्रुवारी दोन हजार पंचवीसला, सकाळी राहत्या घरी वारला. वय चौऱ्याहत्तर.