त्रिंबक सरांच्या खिशातली किल्ली

मित्रांनो, मी शाळेतलं जुनं लोखंडी कपाट. पोटाला पोचा, पायांना गंज, आणि डावीकडे खालून लाथ बसल्याशिवाय माझं दार उघडत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. चिंचोळी एमआयडीसीत घडलो तेव्हा माझा रंग असा चकाकायचा की माणसं माझ्यात बघून भांग पाडायची. तिथून टेंपोत बसून दुधनीजवळच्या एका गावच्या शाळेत आलो, तो इथलाच झालो.

इथे मी खडू सांभाळले, नकाशे सांभाळले, प्लास्टिकचा एक सांगाडाही सांभाळला. चार वर्षांपूर्वी मुलींसाठी पॅडचे खोके आले आणि माझे ग्रह फिरले. मुख्याध्यापक त्रिंबक सर माणूस भला, पण भलताच लाजरा. 'पॅड' हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना. ते म्हणायचे, "ते सामान." त्यांनी खोके माझ्या पोटात कोंबले, कुलूप घातलं, वर 'विज्ञान साहित्य' अशी चिठ्ठी डकवली आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. शिवाय नियम काढला: सामान हवं तर लेखी अर्ज, खाली वडिलांची सही.

आता तुम्हीच सांगा, कोणती पोर असल्या अर्जावर बापाची सही मागेल? दोन वर्षांत एकही अर्ज आला नाही. सर खूश! मुली मात्र दर महिन्याला घरी बसायच्या आणि कारण सांगायच्या, पोटदुखी. सरांनी त्याचा ठपका ठेवला खिचडीवर. खिचडी शिजवणारी शिवम्मा ते ऐकून दातओठ खायची.

मेंढपाळ भिमाची मायाक्का आठवीतली सगळ्यांत हुशार पोर. तीही महिन्याचे चार दिवस घरीच. शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीतच देता येते, पुन्हा नाही. भिमानं तिला बजावलं होतं, "पास झालीस तर साळा, न्हाय तर मेंढरामागं चल."

परीक्षेच्या सकाळी, घंटेला अर्धा तास उरला असताना, मायाक्का दप्तर कमरेमागं धरून फाटकाकडं निघाली. शिवम्मानं तिला हटकलं, "कुटं गं?"

"घरी. पोटात दुकतंय."

"माज्या खिचडीनं व्हय?"

पोरीला रडूच कोसळलं. शिवम्माला सगळं उमगलं. हातातलं उलथणं तसंच घेऊन ती ऑफिसात शिरली.

"सर, किल्ली द्या."

"अर्ज?" सरांनी सवयीनं विचारलं.

"अय्यो, मला कुटं लिवता येतंय? मी सांगते, तुमी लिवा. शिवम्माला पाळी आली हाय."

सरांच्या हातातलं पेन गळालं. "मावशी, तुमचं वय साठ!"

"देवाची करणी! लिवा की."

"आणि... वडिलांची सही?"

"वडील वर गेल्यात. जाऊन आणताय का?"

मी तर आतल्या आत इतका हसलो की सांगाडा खुळखुळला. सरांनी खिशातून किल्ली काढली आणि माझं कुलूप उघडलं. पण दार कुठलं उघडतंय! दसऱ्याला मला हळदकुंकू लावणारा हा माणूस. आधी त्यांनी हात जोडले, मग डावीकडे खालून लाथ घातली. दार उघडलं. शिवम्मानं पुडा पदराखाली घेतला आणि पळतच गेली.

घंटा वाजली तेव्हा मायाक्का बाकावर होती. ती पास झाली. आता दहावीत आहे, आणि त्या चार दिवसांतही शाळेत येते.

त्या परीक्षेनंतर सरांनी मला ऑफिसातून हलवलं; मी आता मुलींच्या स्वच्छतागृहाशेजारी उभा आहे, बिनकुलपाचा. सर नवीन खोके वर्तमानपत्रात गुंडाळून, चोरासारखे आणून द्यायचे. गेल्या महिन्यात मात्र व्हरांड्यात थांबले, कागद टराटरा फाडला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "शिवम्मा मावशी, हे पॅड कुठं ठेवू?" कान लालेलाल झाले होते, पण बोलले.

मित्रांनो, माझा रंग उडाला तर उडू द्या. मी रिकामा झालो की भरत चला, आणि पुन्हा कुलूप तेवढं घालू नका. लाथ मात्र जरा हळू मारा.