तोंडावरचा हात

आमच्या गिरणीत माशा पायी चालायच्या, हे तुम्हाला पटणार नाही. आजवर कोणाला पटलेलं नाही, आणि तुमच्यापासून सुरुवात व्हावी असा माझा आग्रहही नाही. पण विणकामखात्यातले सगळे माग एकदम सुरू झाले की हवा अशी थरथरायची की माशीच्या पंखांना धरायला काही उरायचंच नाही. बिचाऱ्या भिंतीच्या कडेकडेने चालत दाराबाहेर जायच्या आणि मग उडायच्या.

"आणि चहा, अका?" कामोलने विचारलं. कामोल टॅक्सी चालवतो, आमच्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर राहतो, मला अका म्हणजे दादा म्हणतो, आणि गोष्ट पाठ असूनही मधेमधे फोडणी घालतो.

"चहात खडीसाखर टाकून पेला मागाजवळ ठेवायचा. आपोआप ढवळला जायचा. चमचे गिरणीने कधी विकतच घेतले नाहीत."

"आणि पेला चालत पुढच्या मागाकडे जायचा."

"एकदाच गेला होता. उगाच वाढवू नकोस."

बाकावर आम्ही दोघंच होतो. बाक माझ्या तळमजल्याच्या खिडकीखाली आहे आणि वर मी लावलेला द्राक्षाचा वेल. ताश्कंदच्या या टोकाला सगळ्या इमारती सारख्या, पण वेल आहे तो माझ्याच खिडकीला. समोरच्या स्टुलावर ओयनिसा परातीतले तांदूळ निवडत होती. तीही त्याच गिरणीतली विणकर. तिचा नवरा नॉर्मत आमच्या जुन्या वस्तीचा पहारेकरी होता. मागच्या वर्षी तो गेला. ओयनिसाला ऐकू येत नाही. ती खडा उचलते, मान वर करते, आमच्या ओठांवरून दोन वाक्यं वाचते आणि पुन्हा परातीत बघते.

विणकरणींचे कान पाच-सहा वर्षांत जायचे. मी मागांची दुरुस्ती करणारा जॉबर, फिरता माणूस, म्हणून माझा एक वाचला. बायका एकमेकींशी ओठांनीच बोलायच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि घरी आल्यावरही सवय सुटायची नाही. गिरणीशेजारच्या नऊ नंबरच्या इमारतीत आम्ही सगळे राहायचो, तिथे गुपित हळू सांगून भागायचं नाही. तोंडावर हात धरावा लागायचा. नवी सून आली की सासू तिला पहिली गोष्ट हीच शिकवायची. माझ्या लग्नाच्या बोलणीला माझा बाप आणि मुलीचा बाप तासभर तोंडावर हात धरून बसले होते. मुलीला वाटलं, दोघांच्याही दाढा दुखताहेत.

या सगळ्यांत पक्की होती होसियत. सतरा वर्षांची असताना गावाहून आली ती एकटीच, आणि शेवटपर्यंत एकटीच राहिली. चोवीस माग सांभाळायची. कान गिरणीला दिले, गिरणीने पदक दिलं. माणूस पाठमोरा असला तरी कानाची पाळी कशी हलते त्यावरून ती त्याचं बोलणं वाचायची. चौकातल्या पुतळ्याचे ओठसुद्धा तिने वाचले होते.

"काय म्हणत होता?" कामोल म्हणाला.

"'कबुतर उडवा' म्हणत होता. चाळीस वर्षं. कोणी ऐकलं नाही."

ओयनिसा मान खाली घालून हसली. हे तिने वाचलं होतं.

मग गिरणी बंद पडली. दहा-बारा वर्षं आत कबुतरं राहिली. नंतर दोनियोर नावाच्या माणसाने गिरणी घेतली आणि फुटक्या खिडक्यांना काचा बसवल्या. कातणखात्यात चित्रं टांगली. रंगखात्यात एक पोरगी गंजलेली दातेरी चाकं जोडून मोर बनवायला लागली, आणि लोक ते मोर घरी न्यायला लागले. विणकामखात्यात हॉटेल निघालं. नाव 'धोटा', मागावर आडवा धावतो तो. छताला आमच्याच बॉबिनींचे दिवे. शुक्रवारी संध्याकाळी गाड्यांची रांग आमच्या दारापर्यंत यायची, आणि झिरझिरीत कपड्यांतल्या बाया नऊ नंबरच्या वाळत घातलेल्या चादरींसमोर उभ्या राहून फोटो काढायच्या. होसियतने चादरी वाळत घालायच्या आधी इस्त्री करायला सुरुवात केली.

"वाळत घालायच्या आधी?"

"फोटोत चुरगळलेल्या दिसायला नकोत म्हणून. तू तिला ओळखत नव्हतास."

तिला 'धोटा'त भांडी घासायचं काम मिळालं. मोरी काचेमागे होती, गिऱ्हाइकांना सगळं दिसावं म्हणून. ती जागा तिच्या चौथ्या मागाची. तिने मोजून बघितलं होतं, खांबापासून अकरा पावलं. गिऱ्हाइकं तिला बघायची आणि ती गिऱ्हाइकांना वाचायची. संध्याकाळी जिन्यात बसून आम्हाला सांगायची: खिडकीजवळचा तो डॉक्टर, त्याचं लग्न वसंतापर्यंत टिकत नाही. तो चित्रकार सगळ्यांना सांगतो आई वारली; आई मागच्या टेबलावर बसून भात खाते.

एका दुपारी दोनियोर दोन माणसांना घेऊन जेवायला बसला. काम महत्त्वाचं, म्हणून आवाज खाली आणला. गिरणीत आवाज खाली आणून गुपित सांगणारा माणूस. हात मात्र टेबलावरच. होसियतने काचेतून वाचलं: "नऊ नंबर उन्हाळ्याआधी मोकळी हवी. वर पाहुण्यांच्या खोल्या, खाली वाइन. सगळे अडून बसले तर काही करता येत नाही. पण एकाची सही मिळवा, बाकीचे म्हातारे मेंढरांसारखे येतील."

ती तशीच धावत आली, कोपरापर्यंत फेस. जिन्यात सगळ्यांना बोलावलं. ती कधी काही मागायची नाही, त्या दिवशी मागितलं. म्हणाली, "मला इथेच मरू द्या. दुसरीकडे मला कोणाचं बोलणं कळणार नाही. तुमचे ओठ मला पाठ आहेत."

ओयनिसाने घरातून नान आणला आणि मधे ठेवला. एकेकाने त्या भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली, सही करणार नाही म्हणून. पहिला हात मी ठेवला. नॉर्मतचा दुसरा.

चार दिवसांनी दोनियोरला कळलं की बातमी कुठून फुटली. त्याने तिला कामावरून काढलं नाही, रागावलाही नाही. मोरी उलटी फिरवून घेतली. त्यानंतर होसियतने भिंतीकडे तोंड करून भांडी घासली.

आणि पुढच्या आठवड्यात एक सही झाली. मग दुसरी, तिसरी. उन्हाळ्याआधी नऊ नंबर मोकळी.

बदल्यात आम्हा सगळ्यांना या इमारतीत घरं दिली. तिला सातवा मजला मिळाला. पुढचं काही मजेशीर नाही, पण सांगायला घेतलंय तर सांगतो. नऊ नंबरात तिच्या दाराला एक भोक होतं. त्यातून सुताचा दोरा बाहेर यायचा. आपण दोरा ओढला की आत खिळ्याला टांगलेली लाल बॉबिन नाचायची, आणि ती दार उघडायची. इथलं दार लोखंडी. तिने दोरा आणला होता, बॉबिनही आणली होती. दाराला भोक पाडायला परवानगी नव्हती. ती दिवसभर खिडकीत उभी राहायची. मी एकदा विचारलं, काय बघतेस. म्हणाली, "इथून माणसांची टाळकी दिसतात, तुर्गुन. ओठ दिसत नाहीत. मला खाली जागा मिळाली असती तर बरं झालं असतं."

लिफ्ट बंद असली की ती चार-चार दिवस खाली यायची नाही. फेब्रुवारीत बर्फ पडला, तेव्हाही लिफ्ट बंद होती. ओयनिसा वर जाऊन दार वाजवून आली. मीही दोनदा वाजवलं. ऐकू येत नाही, असं म्हणून आम्ही परत फिरलो. तिसऱ्या दिवशी दार फोडलं. ती स्वयंपाकघरात जमिनीवर होती, दाराकडे तोंड करून. बॉबिन हातात होती.

कामोल टॅक्सीची किल्ली बोटावर फिरवत होता. मग म्हणाला, "होसियत आपा गेली तेव्हा मी इथे नवीन होतो. अका, एक विचारू? पहिली सही कोणी केली?"

हे कोणीच कधी विचारलं नव्हतं. गोष्ट शंभर वेळा सांगितली असेन. लोक माशांपाशी हसतात, बॉबिनपाशी गप्प होतात आणि उठून जातात.

मी मिशीवरून हात फिरवला. म्हटलं, "मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. पण नॉर्मतने केली. पहारेकरी माणूस, दोनियोरशी रोजची ऊठबस. मी डोळ्यांनी बघितलं. निळ्या शाईची, चांगली लपेटदार सही. तरी मी त्याला म्हटलं होतं, नॉर्मत, भाकरीची तरी लाज धर."

कामोलने मान हलवली. "माणसाचं काही सांगता येत नाही," म्हणाला.

परातीत तांदूळ सरकल्याचा आवाज थांबला होता. ओयनिसाने परात जमिनीवर ठेवली, उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तुटलेला धागा उचलतात तशी तिने दोन बोटांनी माझी मनगटाजवळची बाही धरली आणि माझा हात तोंडावरून खाली आणला. तो तिथेच राहिला होता, हे मला तेव्हा कळलं.

विणकरणींना स्वतःचा आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. वरच्या खिडक्या एकेक करून उघडल्या.

"तुर्गुन अका," ती म्हणाली, "माशा चालवल्यात, पुतळा बोलता केलात, तेव्हा तुमचा हात मांडीवर होता. आता कोणाचं नाव घेतलंत ते मला वाचता आलं नाही, पण तुमचं नव्हतं एवढं कळलं. नॉर्मतला पाचवा मजला मिळाला. मरेपर्यंत गुडघे धरून चढला. होसियतला सातवा. हा तळमजला कोणाला मिळाला?"