बनुबाईंकडे जा

कुपवाडच्या ख्रिस्ती मंडळीत देव सगळ्यांशी बोलायचा, एकट्या क्रांती वायदंडेला सोडून.

रविवारी उपासनेत साक्षीची वेळ झाली की कुणी ना कुणी उठायचंच. कुणाला प्रभूनं तो प्लॉट घेऊ नको म्हणून सांगितलेलं असायचं, कुणाला मुलीचं स्थळ दाखवलेलं असायचं. एका काकांना तर स्कूटीचं टायर बदल म्हणूनसुद्धा सांगितलं होतं, आणि त्याच दिवशी ते पंक्चर झालं होतं. क्रांती मागच्या बाकावर बसून ऐकायची आणि मनात म्हणायची, देवा, मी पण इथंच बसलेय बरं का.

आणि या सगळ्यांत बनुबाई म्हणजे थेट लाइन. पांढरं पातळ, डोक्यावर पदर, आवाज खणखणीत. बनुबाईंनी डोळे मिटले की पाळकसुद्धा प्रार्थना आटोपती घ्यायचे. त्यांना विचारल्याशिवाय मंडळीत कुणी बोअर मारत नसे.

तर एका बुधवारी घरसभा क्रांतीच्या घरी होती. भजनं झाली, प्रार्थना झाली, चहाचे कप ट्रेमध्ये मांडून झाले, आणि बनुबाई उभ्या राहिल्या. त्यांचे मिटलेले डोळे थरथरत होते.

"परभूनं मला दाखवलं," त्या म्हणाल्या. "लोखंड पडतंय. वरनं खाली पडतंय. ह्या घरातल्या लेकरावर."

सगळे एका आवाजात आमेन म्हणाले. क्रांतीच्या आईच्या हातातला ट्रे तसाच राहिला.

आता त्या घरात लेकरू एकच, आणि लोखंडाशी नातं असलेलंही तेच. नववीतली क्रांती दोन वर्षं याकूब सरांच्या जिममध्ये वेटलिफ्टिंग करत होती. जिम म्हणजे काय, एमआयडीसीच्या कडेला सरांचं लेथ मशिनचं वर्कशॉप आणि त्याच्या मागची पत्र्याची शेड. पण त्या शेडमधून यंदा क्रांती जिल्ह्यात पहिली आली होती, आणि पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी साताऱ्याला विभागीय स्पर्धा होती. तिथं पहिलं यायचं की थेट राज्य. क्रांतीला दुसरं काही सुचत नव्हतं. वर्गात ती पेनसुद्धा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून बघायची.

सभा पांगल्यावर आईनं कप विसळता विसळता सांगून टाकलं की साताऱ्याला जायचं नाही.

क्रांती रडली, भांडली, जेवली नाही, मग भूक लागली म्हणून जेवली. वडिलांकडे गेली. सयाजीराव म्हणाले, तुझ्या आईचं आणि देवाचं चाललंय, मी मधी पडत न्हाई. शेवटी ती पुन्हा आईसमोर जाऊन उभी राहिली. देव फक्त बनुबाईंचाच आहे काय, असं तिनं विचारलं.

आईनं हातातलं काम बाजूला ठेवलं. ती अन्याय करणारी बाई नव्हती, घाबरलेली बाई होती.

"त्येंला दिसलं," ती म्हणाली. "तुला कायतरी ऐकू आलं तर तू बी सांग. देवानं तुला जा म्हटलं, तर मी आडवी यायची न्हाई. पण खरं सांगायचं. देवाच्या नावानं खोटं न्हाई बोलायचं, क्रांते."

झालं. म्हणजे आता शनिवारच्या आत देवाचा आवाज ऐकायला शिकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी शाझियानं, सरांच्या पुतणीनं, जिममध्ये बारला, म्हणजे लोखंडी दांड्याला, वजनाच्या प्लेट लावता लावता सोपा उपाय सांगितला. घरी जाऊन सांगून टाक की देव जा म्हणाला. कोण विचारायला जाणार आहे त्याला? क्रांती हसली, पण रात्रभर ते वाक्य तिच्या कानात गुणगुणत राहिलं. तीन शब्द बोलायचे आणि सातारा आपलं. ती सकाळी आईसमोर गेलीसुद्धा. तोंड उघडलं आणि दप्तर कुठंय एवढंच विचारून परत आली. ज्याचा आवाज ऐकायचाय त्याच्याच तोंडी आपलं बोलणं घालायचं, हे तिला काही केल्या जमेना.

मग तिनं मंडळीतल्या सगळ्या पद्धती करून बघितल्या. डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडायचं आणि बोट ठेवायचं, म्हणजे वचन मिळतं, असं सगळ्याच मावश्या सांगायच्या. क्रांतीचं बोट पडलं ते कुणाचा मुलगा कोण याच्या भल्यामोठ्या वंशावळीवर. दुसऱ्यांदा ठेवलं, तर पुन्हा तीच वंशावळ, पुढचं पान. मंडळीच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत शिकवलेली लोकरीची गोष्ट आठवली. जुन्या काळात एका शूर माणसानं अंगणात लोकर पसरून देवाकडे खूण मागितली होती. लोकर तेवढी दवानं भिजावी आणि भोवतीची जमीन कोरडी राहावी. क्रांतीनं संध्याकाळी वडिलांचं घोंगडं गच्चीवर पसरलं. सकाळी जाऊन बघते तर वरची टाकी भरून वाहिलेली, घोंगडं ओलं, गच्ची ओली, शेजारच्यांचे पापडसुद्धा ओले. त्यातून देवाचं म्हणणं काही कळलं नाही, शेजारच्या काकूंचं मात्र स्पष्ट कळलं.

जिमला जाणं आईनं अजून बंद केलं नव्हतं. तिथं मात्र क्रांतीची जुनी खोड उफाळून आली. वेटलिफ्टिंगमध्ये बार डोक्यावर गेला म्हणजे झालं, असं नसतं. हात सरळ, पाय स्थिर, आणि पंच "डाऊन" म्हणेपर्यंत तसंच उभं राहायचं. त्याआधी टाकलात तर ती उचल बाद. क्रांती बार वर नेण्यात वाघीण होती, पण वर गेला रे गेला की धाडकन टाकायची. त्या दिवशी पाच वेळा टाकला. याकूब सर स्टुलावरून उठलेच नाहीत.

"तू लय घाई करतीस, पोरी," ते म्हणाले. "मी बोलायच्या आत टाकतीस आणि मग मलाच विचारतीस, सर, काय म्हणालात. धर की वर. मी बोलनार हाय. बोलायला तर दे मला."

क्रांती पुढच्या वेळी धरून उभी राहिली. दंड थरथरले, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. आजूबाजूला लेथचा आवाज, रस्त्यावर ट्रकचे हॉर्न, शाझियाच्या मोबाइलवर रील. आणि त्या सगळ्यातून सरांचा साधा, न ओरडता म्हटलेला "डाऊन" तिला स्पष्ट ऐकू आला.

सायकलवरून घरी येताना तिच्या मनात लख्खकन वीज चमकली. अरे, मी प्रार्थनेतही हेच करते की. देवा, सातारा, देवा, पहिला नंबर, देवा, आईचं मन वळव, आमेन, आणि पळ. तो बोलायच्या आत मी टाकून मोकळी.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेआधी मागच्या पायरीवर जाऊन बसू लागली. आदल्या रविवारच्या पाठातलं थोडंसं वाचायची आणि मग काही मागायची नाही. गप्प. वाटलं तेवढं सोपं नव्हतं ते. पहिल्या सकाळी डोक्यात सगळा बाजार भरला. शाझिया बोलली, आई बोलली, भूमितीचं प्रमेय बोललं, ती स्वतः तर लय बोलली. दुसऱ्या सकाळी बाजार थोडा पांगला. आणि तिसऱ्या सकाळी, कुठल्या तरी घरात कुकरची शिट्टी होत असताना, तिच्या आत एक वाक्य येऊन उभं राहिलं.

बनुबाईंकडे जा.

कानांनी ऐकलं नव्हतं ते. स्वप्नही नव्हतं, गडगडाट नव्हता. पण ऐकलं होतं. क्रांतीनं डोळे उघडले आणि आधी रागच आला. साताऱ्याचं विचारलं होतं, हे काय भलतंच? बनुबाईंचं तोंडसुद्धा तिला बघायचं नव्हतं. तिनं पुन्हा डोळे मिटले. वाक्य गेलं नव्हतं. शाळेत मराठीच्या तासाला होतं, डबा खाताना होतं. तिचं स्वतःचं मन कसं घाई करायचं ते तिला माहीत होतं, आणि भीती कशी धमकावते तेही माहीत होतं. हे दोन्हींपैकी काही नव्हतं. ते ढकलत नव्हतं, धमकावत नव्हतं, नुसतं वाट बघत उभं होतं. आणि तिच्या डोक्यातून आलेलं तर नव्हतंच, कारण तिच्या डोक्यानं बनुबाईंना कधीच ब्लॉक केलं होतं. वैऱ्यावरही प्रेम करा असं ज्यानं शिकवलं, तो असलंच काहीतरी सांगणार. दुसरं कोण सांगेल?

शाळा सुटल्यावर तिनं सायकल बनुबाईंच्या खोलीकडे वळवली.

बनुबाई दारात मेथी निवडत बसल्या होत्या. वर न बघता त्यांनी विचारलं, "भांडायला आलीस व्हय?"

"न्हाई, मावशी. देवानं जा म्हटलं, म्हणून आले."

आता मात्र त्यांनी वर बघितलं. "मला काय सांगायला?"

"ते न्हाई सांगितलं त्यानं."

बनुबाईंनी थोडं सरकून जागा केली. दोघी मेथी निवडत बसल्या. भिंतीवर एका तरुणाचा फोटो होता, ओठावर नुकती फुटलेली मिशी. तो त्यांचा सिद्धू. कारखान्यात जड माल उचलणाऱ्या यंत्राची साखळी तुटली आणि तो गेला, तेव्हा क्रांती बालवाडीत होती. मंडळीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे विसरूनही गेले होते.

अर्धी जुडी झाल्यावर बनुबाईंनी विचारलं की ते लोखंड तू उचलतेस, ते पडत नाही का गं. क्रांतीनं जे खरं ते सांगितलं. पडतं की, रोज पडतं. सरांनी पहिले पंधरा दिवस उचलायला शिकवलंच नाही. नुसतं सोडायला शिकवलं. बार हातातून कसा सोडायचा आणि त्याच्या खालून कसं निसटायचं, तेच रिकाम्या बारवर शंभरदा करून घेतलं.

बनुबाईंनी फोटोकडे बघितलं.

"माझ्या सिद्धूला कुणी शिकवलं न्हाई," त्या म्हणाल्या. "खालनं निसटायला."

क्रांती मेथीची काडी हातात धरून ऐकत राहिली. गप्प बसणं आता तिला जमत होतं.

"डोळं मिटलं की मला तेच दिसतं, पोरी. पडणारं लोखंड. तुमच्याकडं बी तेच दिसलं, आदल्या दिवशी बी, आज सकाळी बी." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "माजं दुखणं हाय ते. आन् मी त्याला परभूचं नाव लावलं."

मग त्या मोठ्यानं रडल्या, आणि क्रांतीनं मेथीच्या हातांनीच त्यांना धरून ठेवलं. पंधरा वर्षांच्या पोरीचे ते दंड, दोन वर्षं लोखंड पेललेले. त्यांत बनुबाई अगदी हलक्या वाटल्या.

पुढच्या घरसभेत बनुबाई पुन्हा उभ्या राहिल्या. या वेळी त्यांचे डोळे उघडे होते. मागच्या बुधवारी आपण सांगितलं ते देवाचं नव्हतं, आपल्या काळजाचं होतं, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. ही पोरगी रागावली असूनही आपल्याकडे आली, कारण तिनं खरंच ऐकलं, हेही सांगितलं. आमेन म्हणावं की नाही, कुणालाच कळेना. मग पाळक म्हणाले, आणि मागोमाग सगळे.

सभा पांगू लागली तशी आईनं क्रांतीला जवळ बसवलं. साताऱ्याचं काय म्हणाला देव, असं तिनं विचारलं.

क्रांतीच्या जिभेवर पुन्हा ते तीन शब्द आले. किती सोपं होतं.

"साताऱ्याचं कायच न्हाई बोलला गं," ती म्हणाली.

आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. मग हसली, या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा. "तू खरं बोललीस. मग मी सांगते. जा तू. आणि मी बी येते."

"मी बी," दारात चपला शोधणाऱ्या बनुबाई म्हणाल्या.

शनिवारी पहाटेच्या एसटीनं सगळे निघाले. उंब्रजला गाडी थांबली तेव्हा बनुबाईंनी डब्यातले लाडू याकूब सर आणि शाझियासकट सगळ्यांना वाटले. साताऱ्याच्या हॉलमध्ये तीन जिल्ह्यांतल्या पोरी, त्यांचे प्रशिक्षक, आया, भाऊ, सगळे एकाच वेळी ओरडत होते. आई आणि बनुबाई दुसऱ्या रांगेत बसल्या, एकमेकींचा हात घट्ट धरून.

आधी स्नॅच, म्हणजे बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर. क्रांतीनं पहिलीच उचल मारली, बार वर गेला, जरा मागे गेला, आणि हातातून सुटला. लोखंड पडलं. सगळा हॉल दणाणला. बनुबाई किंचाळून उभ्या राहिल्या.

आणि त्यांनी बघितलं. लोखंड मागे पडलं होतं आणि पोरगी पुढं उभी होती. एक पाऊल पुढं, सहज, शंभरदा केल्यासारखी. तिनं हातांची पावडर झटकली, दुसऱ्या रांगेकडे बघितलं आणि चक्क दात काढले.

दुसरी उचल तिनं पेलली. तिसरीही. मग क्लीन अँड जर्क, आधी खांद्यावर आणि तिथून वर. शेवटच्या उचलीला कोल्हापूरची मुलगी पुढं होती आणि सरांनी क्रांतीच्या बारवर आजवर तिनं कधीच न उचललेलं वजन लावायला सांगितलं. प्लॅटफॉर्मच्या कडेला ती क्षणभर थांबली. काही मागितलं नाही. वाक्यबिक्य काही आलं नाही. पण आत जे उभं होतं ते तिला आता अंधारातही ओळखता आलं असतं, आणि ते तिच्याबरोबर चार पावलं चालत बारपर्यंत आलं.

खांद्यावर. श्वास. वर.

हात सरळ झाले. पाय स्थिर झाले. हॉलमधल्या सगळ्या गोंगाटावर एक खणखणीत आवाज चढला, तो बनुबाईंचा. त्या खुर्चीवर चढून प्रभूची स्तुती करत होत्या. एक स्वयंसेवक घाईघाईनं आला आणि मावशी, खाली बसा म्हणाला.

"बसते की रं बाबा," बनुबाई म्हणाल्या, "पण माझ्या पोरीला बघू दे आधी."

पंचांचा "डाऊन" ऐकू आला, मगच क्रांतीनं बार सोडला. समोर तीन दिवे लागले, तिन्ही पांढरे, म्हणजे तिन्ही पंचांना उचल मान्य. आई रडत, हसत, लोकांच्या पायांवर पाय देत पुढं धावत सुटली. याकूब सरांनी टोपी काढून हवेत उडवली, आणि माइकवरून सगळ्या साताऱ्याला ऐकू जाईल असं पहिल्या क्रमांकाचं नाव आलं: क्रांती सयाजी वायदंडे, कुपवाड.