आबिदाबाईंसाठी दळलेलं पीठ

मी एक जुनी पिठाची चक्की आहे, मित्रांनो. भद्रावतीतल्या एका अरुंद गाळ्यात माझा पट्टा फिरतो. माझे दोन दगड कोणत्या पाथरवटाने घडवले, हे मला ठाऊक नाही. दगड गुळगुळीत झाले, की माझे मालक फारूकभाऊ मला उघडतात आणि छिन्नीने टाकी देतात, म्हणजे दगडांवर नव्या खाचा पाडतात. धार म्हणजे जतन केलेली जखम, हे मी तेव्हाच शिकले.

गहू, ज्वारी, तांदूळ मी वर्षानुवर्षं दळले. लोक नावाजत. सोयाबीन मात्र माझ्याकडे फार उशिरा आलं.

फारूकभाऊंची मुलगी तहसीन नागपूरला औषधशास्त्र शिकते. एका सुटीत तिने सांगितलं, की सोयाबीनमध्ये स्त्रीच्या शरीरातल्या इस्ट्रोजेनसारखं एक द्रव्य असतं. ते खाऊ घातलेल्या उंदरांच्या मेंदूचा रक्तपुरवठा तोडला, तेव्हा त्यांचा मेंदू इतर उंदरांपेक्षा कमी मेला. फारूकभाऊ ऐकतच राहिले. त्यांच्या पत्नी आबिदाबाईंची पाळी कधीच गेली होती, रक्तदाब वाढलेला होता आणि बाईंची आई लकव्याने गेली होती.

"अब्बा, हे उंदरायचं हाय," तहसीन म्हणाली. "माणसायचं अजून पक्कं नाई. अम्मीची बीपीची गोळी चुकवू नका, बस."

फारूकभाऊंनी त्यातलं हवं तेवढंच ऐकलं. शेतकरी सोमाजी दळण घेऊन आले, तेव्हा त्यांनी सोयाबीन मागितलं.

"काऊन जी? आमी पिकवतो न् विकतो. खात नाई कोनी."

"बाईसाठी पाह्यजे. मेंदूले चांगलं राह्यते."

"मंग तुमीच खा ना, फारूकभाऊ. गरज तुमाले हाय."

आबिदाबाई दारातून हसल्या. "मले उंदीर करून राह्यले हे, सोमाजीभाऊ. आता पिंजरा आणाचा बाकी हाय."

तरी त्या रोज ते पीठ खात. माझ्या मते औषध म्हणून नव्हे. नवरा भाजतो, दळतो, म्हणून.

सोयाबीन तेलकट. दळण मध्येच थांबवलं, तर ते दगडांत चिकटून बसतं आणि सारं उघडून खरवडावं लागतं. म्हणून चक्कीवाल्यांचा दंडकच आहे : सोयाबीन घातलं, की संपेपर्यंत बंद करायचं नाही.

त्या सकाळी तेच दळण चालू होतं. आबिदाबाई चहा घेऊन आल्या आणि कप हातून गळाला. ओठांचा एक कोपरा खाली ओढला गेला. त्या काही बोलल्या. शब्द ओल्या पिठासारखे एकमेकांना चिकटले होते.

फारूकभाऊ घाबरले नाहीत. घात तिथेच झाला.

"काई नाई होत तुले," ते म्हणाले. "इतक्या दिवसाचं पीठ पोटात हाय. बस जराशी, एवढं दळण होऊ दे."

माझे दगड खरवडता आले असते. मला मात्र बोलता येत नव्हतं. दळण संपल्यावर फारूकभाऊंनी तेच ताजं पीठ कोमट पाण्यात कालवून बाईंच्या तोंडाला लावलं. त्या ठसकल्या, निम्मं ओघळलं. मग त्यांना आतल्या खोलीत निजवून फारूकभाऊ गिऱ्हाइकांकडे वळले.

दुपार कलताना सोमाजी आले. "बाई दिसून नाई राह्यल्या?" म्हणत त्यांनी आत डोकावलं. "फारूकभाऊ, तोंड पाह्यलं का बाईचं? चक्की बंद करा. उचला."

चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध असतं. त्याची वेळ टळून गेली होती. आज आबिदाबाई दाराशी बसतात. उजवा हात मांडीवर पडलेला असतो. शब्द परतले नाहीत.

"पिठानं थोडं तरी वाचवलं असन ना?" फारूकभाऊ तहसीनला विचारतात. प्रत्येक सुटीत विचारतात.

"मले मालूम नाई, अब्बा," ती म्हणते, आणि आईचं तोंड पुसू लागते.

मित्रांनो, सोयाबीन खुशाल खा. पण ज्या घडीला कुणाचं तोंड वाकडं होईल, हात लोंबेल, बोल अडखळेल, त्या घडीला त्याच्या मुखी काही घालू नका, निजवून वाट पाहू नका. हातचं काम टाका आणि दवाखाना गाठा. अर्धं राहिलेलं दळण मी दुसऱ्या दिवशी पुरं करते. आबिदाबाई अर्ध्याच राहिल्या.