वाळल्यावर बघा

मी आयरिस बोलतोय, बागेतलं फुलझाड. नाही, तुमच्या डोळ्यांसमोर आला तो नव्हे. तो उंच, निळा, तोरा मिरवणारा माझा श्रीमंत चुलतभाऊ. मी त्याच खानदानातला, पण फोटो काढताना ज्याला कडेला सरकवतात तो. माझं फूल मळकट, पांढऱ्या सदऱ्यावर चहा सांडल्यासारखं. पान चुरगळलं तर वास येतो, आणि तो चांगला नसतो.

पण थंडीत सगळी बाग मान टाकते, तेव्हा माझी बोंडं उकलतात. आत शेंदरी दाण्यांच्या रांगा. तोवर दम धरायला हवा, आणि माणसांकडे नेमका तोच नसतो.

आमच्या बागेच्या मालकीणबाई, काकू, त्यांच्याकडे होता. आम्हा अनोळखी आयरिसांची बिऱ्हाडं त्यांनी एका वाफ्यात वसवली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला फाटकाशी अडवून त्या आमची ओळख करून द्यायच्या.

"काकू, हे फूल आजारी आहे का हो?" शेजारणीने विचारलं.

"थंडीत मैत्रिणींना घेऊन या, मग बोला. आवडलं तर एकेकीला कंद देते."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर हा वाफा तुमच्या लाडक्या निळ्याला."

पैज त्यांची, जीव माझा. मी मुकाट कामाला लागलो. बोंडं टच्च भरली.

तेवढ्यात काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. घरी उरले काका. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. दोरा लोंबताना दिसला की हात शिवशिवतात. माझी बोंडं त्यांना लोंबते दोरेच वाटली. बायको खूश होईल म्हणून शीळ घालत त्यांनी एकूण एक कापून टाकली.

"बघ, कसा आवरलाय वाफा," काकू परतल्यावर ते म्हणाले.

काकूंनी बघितलं. "छान," म्हणाल्या आणि आत गेल्या.

थंडीत बायका आल्या, नुसती पानं बघून, चहा पिऊन गेल्या. काकू शब्दाच्या पक्क्या. वाफा निळ्याला गेला, मी भिंतीमागच्या उकिरड्यावर.

तिथे मात्र कात्री नव्हती. दोन वर्षांनी, थंडीत, असा उकललो की कावळासुद्धा थबकला. काकू चहाचा चोथा टाकायला आल्या होत्या. वाकून त्यांनी एक दाणा बोटाने चाचपला.

"आत्ता सुचलं होय रे तुला?"

आणि चोथा माझ्या अंगावर पालथा करून गेल्या.

काकांना अजून कुणी काही सांगितलेलं नाही. भिंतीपलीकडून त्यांची शीळ ऐकू येते. तुमच्या अंगणात माझ्यासारखा कुणी मळकट असला, तर फूल वाळल्यावर थोडं थांबा. आणि घरातल्या शिंप्याला आधी सांगून ठेवा.