दुसऱ्या भागातली उडी

नवा सिनेमा लागला की त्या शुक्रवारी संध्याकाळी भटवाडीतल्या चाळीचे लोक वरच्या गॅलरीत जमत आणि चंद्रप्रकाश परब त्यांना तो सिनेमा सांगत असे. चंदू बी.एस्सी. होता. मुलुंडच्या एका रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये नोकरीला. शुक्रवारी सकाळची पाळी घ्यायचा आणि सुटल्यावर तसाच थिएटर गाठायचा. त्याने चांगला म्हटलेला सिनेमा लोक रविवारी बघून येत. ज्यांना जाता येत नसे, त्यांना चंदूने सांगितलेला सिनेमा हाच सिनेमा.

त्या शुक्रवारी गुप्तहेराच्या सिनेमाचा दुसरा भाग लागला होता. पहिला भाग चंदूने इतक्या वेळा पाहिला आणि सांगितला होता की त्यातली उडी चाळीत सगळ्यांना पाठ होती. पांढऱ्या सुटातला हिरो पुलावरून चालत्या ट्रकवर उडी मारतो, दोन्ही पायांवर उतरतो आणि टायची गाठ सारखी करतो. टायची गाठ आली की चंदूचा हात आपोआप गळ्याकडे जायचा.

चंदू जिथे उभा राहून सांगायचा, त्याच्या पाठीमागेच भीमराज गायकवाडची खोली होती. भीमराज सिनेमात फायटर होता. गेले पाच महिने तो खाटेवर पडून होता. कमरेचं हाड मोडलं होतं आणि उजवा हात कोपरातून वाकडा जुळला होता. सेटवर शिडीवरून पडलो, असं त्याने चाळीत सांगितलं होतं. खरं फक्त त्याच्या बायकोला, नंदाला ठाऊक होतं. पहिल्या भागातली उडी हिरोची नव्हती, हिरोचा डुप्लिकेट म्हणून भीमराजने मारली होती. दुसऱ्या भागातली उडीही त्याचीच होती आणि ती मारतानाच तो मोडला होता. हिरो सगळ्या उड्या स्वतः मारतो असं मासिकांत छापून येत होतं. म्हणून फाइट मास्टरने बजावलं होतं, तोंड बंद ठेव, उभा राहिलास की काम देतो.

"चंदूभावजींना आधी सांगून ठेवू का?" नंदाने दुपारी विचारलं. ती भीमराजची दाढी करत होती.

"अजिबात नाही. कळलं तर तोंडदेखलं बोलेल. मला खरं ऐकायचंय."

"आणि वाईट बोलले तर?"

"पहिली उडी त्याने दोन वर्षं डोक्यावर घेतली होती गं. ही तर पाण्याच्या टाकीवरून आहे. तू बघ फक्त."

त्याने इस्त्रीचा शर्ट मागितला. वाकडा हात बाहीत घालताना दोघांनाही घाम फुटला. मग त्याने दार सताड उघडायला लावलं.

चंदू आला तेव्हा गॅलरी भरली होती. म्हातारे गुणाजी पाटावर बसून होते. शेजारच्या खोलीतली कुंदा तांदूळ निवडायला घेऊन आली होती.

"मेल्या, हिरवीण कशी हा ता सांग आधी," गुणाजी म्हणाले.

"हिरोईन ठीक आहे, काका. सूट झकास आहेत. पण तिथेच घोळ आहे. पहिल्यात त्याच्याकडे एकच पांढरा सूट होता. तो मळेल, फाटेल म्हणून आपला जीव टांगणीला लागायचा. यात दर सीनला नवा सूट. फाटला तर फाटला. पहिल्यात कुलूप उघडताना त्याच्या कपाळावर घाम होता. यात तो चष्मा बदलतो आणि दार उघडतं. पैसा ओतलाय नुसता. त्याला भीती वाटत नाही, मग आपल्याला कुठून वाटणार?"

"म्हणजे बघू नको?" कुंदा म्हणाली.

"बघ. पण पहिला डोक्यात ठेवून जाऊ नकोस."

आतून भीमराजचा आवाज आला. "उडी आहे का रे त्यात?"

"आहे ना. तिथेच तर सगळी वाट लागली." चंदू दाराकडे वळला. "वहिनी, एक उशी द्या जरा. दाखवतो."

घरात दोन उशा होत्या. एक भीमराजच्या डोक्याखाली, एक गुडघ्याखाली. नंदा जागची हलली नाही.

"दे की," भीमराज म्हणाला.

तिने गुडघ्याखालची काढून दिली.

चंदूने ती कठड्यावर उभी धरली. "हा हिरो. ही टाकी. आता जिवंत माणूस पडताना काय करतो? हात पुढे घेतो, पाय जवळ घेतो. मांजरसुद्धा अंग वळवतं. हा टाकीवरून निघाला आणि मध्येच आडवा झाला. एक हात असा मागे, मान लुळी." त्याने स्वतःचा उजवा हात मागे पिळून दाखवला. "भुसा भरलेला बाहुला. त्याला सूट चढवला आणि दिला ढकलून. सगळं थिएटर हसत होतं. मागून एक जण म्हणाला, भुसा सांडला, झाडू आणा."

त्याने उशी सोडली. खाली नळाजवळच्या ओल्यात ती पचकन पडली. गॅलरी हसली. गुणाजींना ठसका लागला.

"बाहुला नव्हता तो," नंदा म्हणाली. ती दारात येऊन उभी होती. "आमचे हे होते. पहिल्यातपण हेच होते."



"तो शिडीवरसून पडलो ना गो?" गुणाजींनी विचारलं.

"शिडी खोटी आहे, काका."

"नंदा," भीमराज आतून म्हणाला, "काय पण बोलतेस. शिडीवरूनच पडलो मी. बाहुलाच असणार तो."

आता गॅलरी नंदाला हसली. "वहिनींनी नवऱ्याला हिरो करून टाकला," कुंदा म्हणाली. नंदा खाली उशी आणायला गेली.

चंदू हसला नाही. तो दारातून भीमराजच्या उजव्या हाताकडे बघत होता. चंदूने आत्ताच पिळून दाखवला होता, अगदी तसाच तो हात इस्त्रीच्या बाहीतून बाहेर आला होता. चंदू आत आला आणि खाटेजवळ बसला.

"हात पडल्यावर मोडला ना?"

"हो."

"पण पडद्यावर तो आधीच मागे होता. हवेत."

"टाकीवरच्या सळईत टाच अडकली. कठडा धरायला मागे हात टाकला."

"अस्सं." चंदूने मान हलवली. त्याचं गणित जुळलं होतं. "मग बरोबर."



"पुलावरची तुझी होती?" चंदूने विचारलं.

"माझीच."

"काय उडी होती यार ती."

"आणि ही?"

चंदू लॅबमध्ये रंगाच्या पट्ट्या बघायचा. नमुन्याशी जुळली तर पास, नाही तर नाही. दुसरा शब्द त्याला सुचला नाही की त्याने शोधला नाही, कोण जाणे.

"ही बाहुल्यासारखी दिसते, भीमराज."

भीमराजने डोळे मिटले आणि उघडले. "मग बाहुलाच सांग. माझं नाव घेतलंस तर उद्यापासून लोक या दारात उभे राहून बघत बसतील."

नंदा भिजलेली उशी घेऊन वर आली. तिच्यावर जुना टॉवेल गुंडाळून तिने ती गुडघ्याखाली सरकवली. चंदू बाहेर जाऊन पुढचा सिनेमा सांगू लागला. आता त्याचा आवाज खाली गेला होता आणि कोणाचं लक्ष लागत नव्हतं. तेवढ्यात खालच्या खोलीतला खंडू कामावरून आला.

"माझं राहिलं ना रे. काय हसत होता एवढे?"

"बाहुला," कुंदा म्हणाली. "चंदू, खंडूला बाहुला करून दाखव ना."

"नको. झालं ते."

"असं काय रे? एकदाच."

"दाखव रे मेल्या," गुणाजी म्हणाले.

चंदू कठड्याला टेकून उभा राहिला. आतून भीमराज म्हणाला, "नंदा, उशी दे त्याला."

नंदाने ऐकलं नाही असं केलं. तेव्हा भीमराजने डाव्या हाताने स्वतःचा पाय धरला, दात आवळून वर उचलला आणि तसाच धरून ठेवला, नंदा उशी काढेपर्यंत.