खुर्चीवरचा कोट

मी खुर्चीवरचा कोट बोलतोय. नाही, खुर्चीत माणूस नाही. फक्त मीच आहे, आणि तीच तर माझी नोकरी होती.

माझा जन्म दक्षिण कोरियातल्या तेगू शहरातल्या एका शिवणकारखान्यात झाला. रंग राखाडी, अस्तर रेशमी, मिजास मोठी. पहिल्या मालकाचं पोट सुटलं, माझं बटण उडालं आणि मी सोलच्या जुन्या बाजारात ढिगात येऊन पडलो. तिथून मला सारनायने उचललं. थंडीसाठी नव्हे, तिला माझं वेगळंच काम होतं.

सारनाय उलानबातरची. आमची कंपनी मंगोलियाला साबण आणि क्रीम विकते, तिकडची सगळी बोलणी तिच्याकडे. तीन महिन्यांनी विभागप्रमुख ब्योन साहेबांची सही झाली तर नोकरी पक्की, नाहीतर लेकीला घेऊन परत मंगोलिया. पहिल्याच दिवशी सहाच्या ठोक्याला ती उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "येते हं!" खोलीतल्या सगळ्या माना खाली गेल्या. साहेब अजून जागेवर होते.

शेजारच्या टेबलावरच्या प्योताईने तिला जिन्यात गाठलं. ती हकिगत दोघी अजून हसत सांगतात.

"अगं बये, साहेबांच्या आधी कोणी उठतं का?"

"पण काम संपलं ना, ताई!"

"कामाचं कोण विचारतंय? बसलेलं दिसायला हवं."

"सातला पाळणाघर बंद होतं. साहेबांना सांगू का?"

"सही होईपर्यंत लेकीचं नाव काढू नकोस. एक जुना कोट आण, खुर्चीवर टाक आणि सटक. वाटेल, बाई इथेच कुठेतरी आहेत."

अशी माझी नेमणूक झाली. सारनाय रोज माझे खांदे ताठ करायची आणि रिकामा कप हातात घेऊन, कॉफीला चालल्यासारखी, पसार व्हायची. बाहेर बर्फ आणि तिच्या अंगात नुसता स्वेटर. त्याचं मला फार वाईट वाटायचं. सुट्टीला मात्र मी घरी असायचो. तिची लेक नोमिन माझ्या खिशात काय वाट्टेल ते कोंबायची.

सहानंतरचं ऑफिस मी जवळून पाहिलंय. प्योताई कॉम्प्युटरवर चपला बघायची. ब्योन साहेब पत्ते खेळायचे, कारण वरच्या मजल्यावरचे संचालक अजून गेलेले नसायचे. मन लावून काम करणारा तिथे मी एकटाच.

सहीला आठवडा उरला होता. त्या संध्याकाळी सारनाय गेल्यावर प्योताईने ओव्हनमध्ये सुका माकूल मासा भाजायला ठेवला आणि विसरली. धूर झाला, भोंगा वाजला, सगळे खाली पळाले. थोड्या वेळाने जिन्यात धापा ऐकू आल्या. ब्योन साहेब! पायात ऑफिसच्या सपाता, तोंडावर रुमाल.

"सारनाय! अगं पोरी, कुठे आहेस?"

एरवी 'सारनायबाई' म्हणणारा माणूस टेबलांखाली वाकून शोधत होता. सहा मजले चढून आले होते, कारण खाली मोजणीत ती नव्हती आणि पळताना खुर्चीवर मी दिसलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला माझी लाज वाटली.

शेवटी ते तिच्याच खुर्चीत बसले. मला झटकलं, खिशात हात घातला. हातात आला एक लाल हातमोजा, त्यांच्या अंगठ्याएवढा. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. मग तो खिशात परत ठेवला, मला खुर्चीवर नीट लावलं आणि जिन्यातूनच खाली ओरडले, "वर कोणी नाही! माझीच मोजणी चुकली."

सकाळी प्योताईने सारनायला सगळं सांगितलं. संध्याकाळचे सहा वाजले तरी सारनाय जागची हलेना. साहेब तिच्या टेबलाशी आले.

"सारनायबाई, कोट घाला आणि निघा. बाहेर थंडी आहे."

"साहेब, मी..."

"हातमोजा खिशात आहे. दुसरा हरवू नका."

पुढच्या आठवड्यात सही झाली. आता मी रोज सहाला सारनायच्या अंगावर बाहेर पडतो. सात वाजता नोमिन माझ्या खिशात हात खुपसते, तेव्हा मला कोट झाल्याचं सार्थक वाटतं.

परवा निघताना मागे वळून पाहिलं. ब्योन साहेबांच्या खुर्चीवर एक तपकिरी कोट बसला होता. साहेबांचा पत्ता नव्हता. कोट नवशिका होता बिचारा, एक बाही लोंबत होती.

वाचकहो, कधी आमच्या ऑफिसात आलात तर तेवढी बाही सरळ करा. आणि कृपा करून वरच्या मजल्यावर काही बोलू नका.